नव्या कराराची 27 पुस्तकं कुणी निवडली?

19 मे 303. रोमन आफ्रिकेतलं किर्ता शहर, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं कॉन्स्टंटीन. मुनातियस फेलिक्स नावाचा नगराधिकारी आपले कारकून आणि शिपाई घेऊन ख्रिस्ती लोक जिथे जमत त्या घरात शिरला. सम्राट डायोक्लेशनचा हुकूम त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सुटला होता : ख्रिस्ती लोकांची प्रार्थनास्थळं पाडा, त्यांचे धर्मग्रंथ जाळा. अधिकारी काटेकोर होता. जप्त झालेली एकेक वस्तू त्यानं लिहवून घेतली, आणि ती यादी आजही वाचायला मिळते. सोन्याचे 2 पेले, चांदीचे 6, चांदीचेच 7 दिवे, बायकांचे 82 अंगरखे, पुरुषांचे 16, बायकांच्या वहाणांचे 47 जोड. कपडे आणि वहाणा बहुधा गोरगरिबांना वाटण्यासाठी ठेवलेल्या असाव्यात. मग तो ग्रंथांच्या कपाटांकडे वळला. कपाटं रिकामी होती.

शेवटी एक जाडजूड ग्रंथ पुढे करण्यात आला. एकच कसा, बाकीचे कुठे, असं त्यानं विचारलं. ते वाचकांच्या घरी असतात, असं उत्तर मिळालं. वाचक हे मंडळीतलं, म्हणजे ख्रिस्ती समाजातलं, पदच होतं : जमलेल्या लोकांसमोर उभं राहून ग्रंथ मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस. वाचकांची नावं सांगा म्हटल्यावर दोघा सेवकांनी साफ नकार दिला. आम्ही फितूर नाही, हवं तर मारून टाका, असं म्हणून ते अटकेत गेले. नावं दुसऱ्यांकडून कळली आणि अधिकारी घरोघर फिरू लागला. एका घरी 4 ग्रंथ निघाले, दुसऱ्या घरी 5, तिसऱ्या घरी 8. व्हिक्टर नावाच्या व्याकरणशिक्षकाकडे 2 ग्रंथ आणि 4 सुट्या जुड्या मिळाल्या. कोद्देओ नावाचा वाचक घरी नव्हता. त्याच्या बायकोनं 6 ग्रंथ आणून दिले, तरीही एका सरकारी गुलामानं तिचं सगळं घर उपसून पाहिलं.

हे कागद वाचताना मला दरवेळी एकच प्रश्न पडतो. अधिकाऱ्याला धर्मग्रंथ हवे होते. पण नेमके कोणते? आज ज्या 27 पुस्तकांना नवा करार म्हणतात ती सगळीच्या सगळी, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही, अशी नोंदवलेली पहिली निर्विवाद यादी 367 सालची आहे. म्हणजे किर्तातल्या झडतीनंतर 64 वर्षांनी केलेली. 303 साली कुठल्याही बिशपाच्या हाती सर्वमान्य यादी नव्हती, आणि तरीही माणसं काही विशिष्ट पानांसाठी जीव द्यायला तयार होती. थिबियुका गावच्या फेलिक्स नावाच्या बिशपानं ग्रंथ द्यायला नकार दिला आणि तो मारला गेला. कार्थेजचा बिशप मेन्सुरियस यानं वेगळाच मार्ग काढला. खरे ग्रंथ त्यानं आधीच हलवले आणि प्रार्थनागृहात पाखंडी ठरलेल्यांचं लिखाण ठेवून दिलं. शिपायांनी ते उचललं आणि समाधानानं निघून गेले.

मेन्सुरियसच्या त्या युक्तीत सगळं गूढ सामावलेलं आहे. काय लपवायचं आणि काय जाळायला द्यायचं हे त्याला कळत होतं. कुठल्याही सभेनं ठराव केलेला नसताना हे त्याला कळलं कसं?

एक लोकप्रिय उत्तर आहे, आणि ते चुकीचं आहे. 325 साली सम्राट कॉन्स्टंटाइननं निकिया इथे भरवलेल्या धर्मपरिषदेत बायबलची पुस्तकं मतदानानं ठरली, असं अनेक जण आजही सांगतात. 2003 मध्ये आलेल्या 'द दा विंची कोड' या कादंबरीनं ही समजूत घराघरात नेली. मूळ दंतकथा फार जुनी आहे. नवव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास रचलेल्या एका ग्रीक संकलनात ती सापडते : सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवली, प्रार्थना केली, तेव्हा खरी पुस्तकं वर राहिली आणि खोटी खाली पडली. अठराव्या शतकात व्होल्तेरनं ती खिल्ली उडवत सांगितली आणि ती जगभर पसरली. प्रत्यक्षात निकियात वाद झाला तो येशूच्या ईश्वरत्वाबद्दल आरियस नावाच्या धर्मगुरूनं मांडलेल्या मतावर. ईस्टरची तारीख कशी धरावी यावर चर्चा झाली, शिस्तीचे 20 नियम झाले. या 20 नियमांत पुस्तकांच्या यादीचा मागमूसही नाही.

खरी हकीकत या दंतकथेहून कितीतरी विलक्षण आहे. ही निवड झाली ती मोठ्यानं वाचण्यातून.

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकानं रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. शहरातले आणि खेड्यातले लोक एका ठिकाणी जमतात, आणि प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, आठवणी किंवा संदेष्ट्यांची लिखाणं वेळ पुरेल तितकी वाचली जातात, असं तो सांगतो. बहुतेक श्रोत्यांना वाचता येत नव्हतं. त्यांच्यापर्यंत ग्रंथ पोचायचा तो कानांवाटे. त्यामुळे 'हे पुस्तक प्रमाण आहे का' हा प्रश्न त्यांच्यासमोर फार साध्या रूपात यायचा : हे आपल्या सभेत वाचायचं का?

180 सालच्या 17 जुलैची कार्थेजमधली एक सुनावणी पाहा. बारा ख्रिस्ती माणसं, त्यांत बायकाही, राज्यपालासमोर उभी होती. त्यांच्याजवळच्या पेटीत काय आहे असं त्यानं विचारलं. स्पेरातस नावाच्या आरोपीनं सांगितलं की ग्रंथ आहेत, आणि पौल नावाच्या एका नीतिमान माणसाची पत्रं. खेड्यातून आलेली ही साधी माणसं मरणाच्या दारातही पौलाची पत्रं बरोबर बाळगत होती. पौल हा पहिल्या पिढीतला धर्मप्रचारक. त्याला जाऊन तेव्हा शंभरावर वर्षं झाली होती, आणि ती पत्रं मुळात करिंथ, रोम, फिलिप्पै अशा दूरच्या शहरांतल्या लोकांना, त्यांच्या त्यांच्या भांडणांविषयी लिहिलेली होती. फिलेमोनला लिहिलेलं पत्र तर एका गुलामाबद्दलची जेमतेम पानभर खाजगी विनंती आहे. ती नकलून घेतली गेली, गावोगाव फिरली, एकत्र बांधली गेली. कलस्सैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातच सूचना आहे की हे पत्र लावदिकीयाच्या लोकांनाही वाचून दाखवा आणि त्यांच्याकडचं तुम्ही वाचा. ते लावदिकीयाचं पत्र आज हरवलेलं आहे. पुढे कुणीतरी पौलाच्या इतर पत्रांतली वाक्यं जोडून त्या नावानं एक बनावट पत्र तयार केलं, आणि ते कित्येक शतकं लॅटिन बायबलांच्या प्रतींत ठाण मांडून बसलं.

या संथ प्रवाहात पहिला मोठा दगड टाकला तो मार्किअननं. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे बंदरातला हा श्रीमंत जहाजमालक 140 च्या सुमारास रोमला आला. मंडळीला त्यानं 2 लाख सेस्टर्स दान दिले. त्याचं म्हणणं असं की जुन्या कराराचा कठोर देव आणि येशूनं सांगितलेला प्रेमळ पिता हे वेगळे आहेत. म्हणून त्यानं यहुदी धर्मग्रंथ सरसकट बाजूला सारले आणि फक्त लूकचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र), तेही काटछाट करून, आणि पौलाची 10 पत्रं एवढंच ग्राह्य धरलं. 144 साली रोमच्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं आणि त्याचे पैसे परत केले. ख्रिस्ती लिखाणाचा असा बंदिस्त संच करणारा आपल्याला माहीत असलेला पहिला माणूस म्हणजे हा बहिष्कृत माणूस. त्यानं कमी केलं म्हणून इतरांना आपल्याकडे काय काय आहे हे मोजावं लागलं.

मोजताना प्रश्न आला तो चार शुभवर्तमानांचा. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या तपशिलांत फरक आहेत. टेशियन नावाच्या सीरियन विद्वानानं 170 च्या आसपास चारांची एक सलग कथा गुंफली. सीरियातल्या मंडळ्यांना ती इतकी आवडली की पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपाला आपल्या भागातून तिच्या 200 हून अधिक प्रती गोळा करून त्यांच्या जागी चार वेगवेगळी शुभवर्तमानं द्यावी लागली. गॉलमधल्या ल्यों शहराचा बिशप इरेनियस यानं मात्र 180 च्या सुमारास ठामपणे लिहिलं : जगाच्या दिशा चार, मुख्य वारे चार, तशी शुभवर्तमानंही चारच. आजच्या वाचकाला हा युक्तिवाद लंगडा वाटेल. पण त्यामागे मला एक मोठं धैर्य दिसतं. चार साक्षींमधली विसंगती पुसून एक गुळगुळीत कथा करण्याचा सोपा रस्ता समोर असताना चारही साक्षी जशाच्या तशा ठेवायचं या मंडळ्यांनी ठरवलं.

यात कारागिरीचाही हात आहे. त्या काळी साहित्य गुंडाळ्यांवर लिहिलं जाई, आणि एका गुंडाळीत साधारण एखादंच शुभवर्तमान मावे. ख्रिस्ती लोकांनी फार लवकर शिवलेल्या पानांचं पुस्तक आपलंसं केलं. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात तिसऱ्या शतकातल्या एका पपायरस ग्रंथाची पानं आहेत. चारही शुभवर्तमानं आणि 'प्रेषितांची कृत्यं' त्यात एकत्र बांधलेली होती. शिवणीत आलं ते आत, न आलं ते बाहेर, हे आता हाताला जाणवू लागलं.

बाहेर राहिलेल्यांच्या गोष्टी तर अद्भुत आहेत. दुसऱ्या शतकाच्या शेवटी अंत्युखियाचा बिशप सेरापियन र्‍होसस नावाच्या बंदरगावी गेला होता. तिथल्या लोकांनी विचारलं, पेत्राच्या नावाचं एक शुभवर्तमान आहे, ते वाचावं का? पुस्तक न चाळताच तो म्हणाला, वाचा. घरी परतल्यावर त्याच्या कानांवर काहीबाही आलं. त्यानं ते पुस्तक वापरणाऱ्यांकडूनच प्रत मागवली, नीट वाचली, आणि र्‍होससला पत्र लिहिलं : बराचसा भाग ठीक आहे, पण काही भर घातलेली आहे, आम्ही प्रेषितांना मानतो पण त्यांच्या नावावर खपवलेलं लिखाण आम्हाला ओळखता येतं. नुसतं नाव पाहून दिलेली परवानगी त्यानं मजकूर पाहून मागे घेतली. या शुभवर्तमानाचा मोठा तुकडा इजिप्तमधल्या अखमीम इथल्या एका थडग्यात 1886-87 च्या हंगामात सापडला. त्यात थडग्यातून बाहेर येणारा क्रूस चक्क बोलतो.

कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन दुसरी हकीकत सांगतो. आशिया प्रांतातल्या एका धर्मगुरूनं पौलाची आणि थेक्ला नावाच्या तरुणीची साहसकथा रचली. उघडकीला आल्यावर त्यानं कबूल केलं की पौलावरच्या प्रेमापोटी मी हे केलं. त्याला पद सोडावं लागलं. थेक्ला मात्र लोकांच्या मनात अशी रुजली की पुढे तिच्या नावानं तीर्थक्षेत्र उभं राहिलं. प्रेम खरं होतं, पण त्यानं लिखाण प्रमाण ठरत नव्हतं, हे त्या लोकांनी किती स्पष्टपणे जाणलं!

आणि चांगलं, उपयोगी, निर्दोष पुस्तकही बाहेर राहू शकत होतं. इटालियन विद्वान मुरातोरी यानं मिलानच्या ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितातून 85 ओळींचा तुकडा 1740 मध्ये प्रसिद्ध केला. वरचा भाग तुटलेला, लॅटिन मोडकं. त्यात कोणती पुस्तकं मंडळीत चालतात याची चर्चा आहे. बहुतेक अभ्यासक या तुकड्याचं मूळ दुसऱ्या शतकाच्या अखेरीस धरतात, काही जण चौथ्या शतकात. 'हर्मासचा मेंढपाळ' या तेव्हाच्या अतिशय लोकप्रिय पुस्तकाबद्दल तिथे म्हटलं आहे की ते आपल्याच काळात, रोममध्ये, बिशप पायसच्या भावानं लिहिलं. ते अवश्य वाचावं, पण मंडळीसमोर प्रेषितांच्या पुस्तकांत मिसळून वाचू नये. घरी वाचायचं पुस्तक आणि सभेत वाचायचं पुस्तक यांतली ही रेषा म्हणजे सगळ्या विषयाचा कणा. प्रेषितांच्या पिढीशी नातं आहे का, चालत आलेल्या शिकवणीशी जुळतं का, आणि दूरदूरच्या मंडळ्या ते वाचतात का, या तीन कसोट्या वारंवार दिसतात. त्या कुणी आधी ठरवून लागू केल्या नाहीत. वापरता वापरता त्या सापडत गेल्या.

काठावरच्या पुस्तकांवर मात्र शतकानुशतकं वाद झाले. 'इब्री लोकांस पत्र' पूर्वेकडे पौलाचं मानलं जाई, पश्चिमेकडे त्यावर संशय. ख्रिस्ती विद्वान ओरिजेन तर म्हणून गेला की ते कुणी लिहिलं हे देवालाच ठाऊक. 'प्रकटीकरण' पश्चिमेला प्रिय, पूर्वेला नकोसं. तिसऱ्या शतकातला आलेक्सांद्रियाचा बिशप डायोनिसियस यानं योहानाचं शुभवर्तमान आणि प्रकटीकरण यांची भाषा शेजारी ठेवून तपासली. एकाची ग्रीक शुद्ध आणि सफाईदार, दुसऱ्याच्या व्याकरणात चुका. दोन्हींचा लेखक एकच असूच शकत नाही, असा निष्कर्ष त्यानं काढला. आजच्या विद्यापीठांत हीच रीत शिकवतात. आणि इतकं करूनही त्यानं प्रकटीकरण फेकून दिलं नाही.

325 च्या सुमारास इतिहासकार युसेबियस यानं प्रामाणिकपणे नोंद केली : काही पुस्तकं सर्वमान्य, काही वादग्रस्त (याकोब, यहूदा, पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं आणि तिसरं पत्र), काही अग्राह्य. प्रकटीकरण कुठे घालावं हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं ते सर्वमान्यांतही नोंदवलं आणि अग्राह्यांतही. चौथ्याच शतकातला सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या मठात सापडलेला भव्य ग्रंथ पाहिला तर प्रकटीकरणानंतर पानं संपत नाहीत. पुढे 'बर्णबाचं पत्र' येतं, आणि मग 'मेंढपाळ'. ब्रिटननं हा ग्रंथ 1933 मध्ये सोव्हिएत सरकारकडून 1 लाख पौंडांना विकत घेतला. त्याचा बहुतेक भाग आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आणि मग 367. आलेक्सांद्रियाचा बिशप दरवर्षी एक पत्र पाठवून त्या वर्षीचा ईस्टर कधी येतो हे कळवत असे. त्या वेळी बिशप होता अथनेशियस. पाच वेळा हद्दपारी भोगलेला, सम्राटांशी उभा दावा मांडलेला हा जिद्दी माणूस. त्याच्या 39 व्या ईस्टर-पत्रात ही 27 पुस्तकांची यादी आहे. सणाची तारीख सांगणाऱ्या पत्रात! पूर्वेचं लाडकं इब्री-पत्र त्यात आहे आणि पश्चिमेचं लाडकं प्रकटीकरणही. 'मेंढपाळ' आणि 'दिदाखे' ही पुस्तकं नवशिक्यांनी वाचायला हरकत नाही असं तो सांगतो. जुन्या करारातलं एस्तेरचं पुस्तकही त्यानं याच नवशिक्यांच्या गटात टाकलं, हे आज कुणाच्या लक्षातही नसतं.

हे पत्र साऱ्या जगावर बंधनकारक नव्हतं. काही वर्षांनी नाझियांझसच्या ग्रेगरी या धर्मशास्त्रज्ञानं केलेल्या यादीत प्रकटीकरण नाही, आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स उपासनेत ते पुस्तक मान्य असूनही आजतागायत वाचलं जात नाही. 393 साली हिप्पो आणि 397 साली कार्थेज इथल्या प्रांतिक सभांनी 27 पुस्तकांची यादी मान्य केली. किर्तातली कपाटं जिथे रिकामी सापडली होती तोच हा प्रदेश, आणि मध्ये शंभर वर्षंही गेली नव्हती.

पण सीरियाक भाषेच्या पूर्वेकडच्या मंडळीनं 22 पुस्तकांचा नवा करार जपला. ती परंपरा केरळच्या ख्रिस्ती लोकांपर्यंत आली होती. 1599 च्या जूनमध्ये गोव्याचा आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यानं कोचीजवळ उदयंपेरूर इथे सभा घेतली, आणि तिथल्या सीरियाक ग्रंथांत नसलेली पुस्तकं, म्हणजे पेत्राचं दुसरं पत्र, योहानाची दोन, यहूदाचं पत्र आणि प्रकटीकरण, भरून घेण्याचा आदेश दिला. अथनेशियसच्या पत्रानंतर 1200 हून अधिक वर्षांनी यादीचा हा वाद मलबारच्या किनाऱ्यावर सत्तेच्या जोरावर मिटवला गेला. त्या सभेनंतर तिथले कितीतरी सीरियाक ग्रंथ जाळण्यातही आले. ज्यांच्या पूर्वजांनी ग्रंथांसाठी प्राण दिले त्यांनीच दुसऱ्यांचे ग्रंथ जाळावेत, हे मला फार सलतं.

इथियोपियाची मंडळी एकूण 81 पुस्तकं मोजते. त्यांत हनोखाचं पुस्तक आहे, आणि गंमत अशी की नव्या करारातलं यहूदाचं पत्र त्याच हनोखाचा दाखला देतं. दाखला देणारं पत्र सर्वांच्या बायबलात आहे, दाखल्याचं पुस्तक मात्र जवळपास फक्त तिथेच. 1522 साली प्रोटेस्टंट सुधारक लूथरनं जर्मन नवा करार छापला तेव्हा इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण यांना अनुक्रमांक न देता शेवटी ढकललं. 1546 मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं कॅथलिक यादी पक्की केली. नव्या करारावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं एकमत टिकलं, जुन्या करारावर टिकलं नाही.

म्हणून आज आपल्याकडेही कॅथलिक मंडळी 73 पुस्तकं मानते आणि प्रोटेस्टंट मंडळी 66. मराठी नवा करार पहिल्यांदा 1811 साली सेरामपूरच्या छापखान्यातून आला, पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. दोन्ही 66 च्या परंपरेतली. कधी वसईच्या एखाद्या कॅथलिक घरी आणि नगरकडच्या एखाद्या प्रोटेस्टंट घरी जायचा योग आला, तर बायबलची अनुक्रमणिका उघडून पाहा. टोबीत, युदीथ आणि मक्काबी एका यादीत असतील, दुसरीत नसतील. मग शेवटची 27 नावं वाचा, मत्तयपासून प्रकटीकरणापर्यंत. ती दोन्हीकडे एकाच क्रमानं असतील.